इंजिनाचा ढेकर आणि पांढरी फरशी

गाडी विकायची की ठेवायची, हे आता एका थेंबावर आलं होतं. दातांच्या डॉक्टरांच्या बायकोनं घराखालच्या गॅरेजात पांढरीशुभ्र फरशी बसवून घेतली आणि डॉक्टरांच्या रेसच्या गाडीनं तिच्यावर तेलाचे काळे ठिपके काढायचा सपाटाच लावला. "रविवारी दादा येतोय," बायकोनं निक्षून सांगितलं. "त्याच्यासमोर इंजिन चालवा. फरशीवर एक थेंब जरी पडला तरी गाडी त्याला विकायची, डॉक्टर." 'अहो' जाऊन 'डॉक्टर' आलं, म्हणजे अपील संपलं.

दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ. गाडी आली त्या दिवसापासून या गृहस्थांचा तिच्यावर डोळा होता.

डॉक्टरांना दुखणं नेमकं ठाऊक होतं. इंजिन जोरात पळवलं की थोडा जळका वायू पिस्टनच्या कडेनं इंजिनाच्या पोटात उतरतो, आणि पोटात कोंडलेलं कुठून तरी बाहेर येणारच. इंजिन ढेकर देतं आणि ढेकरासोबत तेल. उपायही सरळ होता. ढेकर नळीनं एका डब्यात न्यायचा, डब्यात तारेची घासणी कोंबायची. तेल घासणीला अडकून तळाशी साचतं आणि नुसती हवा वरच्या फिल्टरमधून बाहेर पडते. डबा डॉक्टरांनी झकास बसवला, खाली तेल काढायला तोटीसुद्धा लावली.

घोड्यानं पेंड खाल्ली ती नळीपाशी. तेल आणि उष्णता सोसणारी जाड नळी दुकानात मिळत होती. पण दवाखान्यात थुंकी ओढायच्या नळीचं अख्खं भेंडोळं पडून होतं! आपण तरी दिवसभर दुसरं काय करतो, डॉक्टर स्वतःशी म्हणाले, तोंडातलं नको ते ओढून भांड्यात सोडतो. इंजिन म्हणजे न कण्हणारा पेशंट. आणि त्यांनी तीच नळी डब्याला जोडली. शहाणा माणूस चुकतो तो असा, आपल्याच धंद्याच्या भरवशावर.

रविवारी दादा कडक इस्त्रीचा शर्ट घालून आले, जणू गाडी न्यायलाच. बायको खुर्ची टाकून पंच म्हणून बसली. इंजिन सुरू झालं. फरशी कोरडी. डॉक्टरांची छाती फुगली, दादांचा चेहरा पडला.

"अहो, जरा पळवा की! हे काय, अंगाई म्हणताय का तिला?" दादा म्हणाले आणि कुठे तेल दिसतंय का म्हणून बॉनेटमध्ये नाक खुपसून उभे राहिले.

डॉक्टरांनी इंजिन पळवलं. गरम वाफेनं नळीनं मान टाकली. ती मऊ पडली, वाकली, मिटली. ढेकर आत कोंडला. आणि फट्‌! तेल मोजायची पट्टी उडून छताला लागली आणि डॉक्टरांच्या पायाशी ठेवलेल्या हत्यारांच्या ट्रेमध्ये पडली. तिच्यामागून आलेलं सगळं तेल दादांनी तोंडावर झेललं.

इंजिन बंद झालं. तिघांनी फरशीकडे पाहिलं. लखलखीत! दादांनी एक थेंब खाली जाऊ दिला नव्हता.

हे दादांच्याही ध्यानात आलं. नाकाच्या शेंड्यावर एक टपोरा थेंब लोंबत होता. मान हलवायचा अवकाश, गाडी त्यांची. त्यांचे डोळे लकाकले. डॉक्टरांच्या तोंडून दवाखान्यातला आवाज बाहेर पडला.

"आ करा!"

दादांच्या अक्कलदाढा याच डॉक्टरांनी काढल्या होत्या. ती दहशत हाडात मुरलेली. मान मागे गेली, तोंड उघडलं, हातांनी मडगार्ड खुर्चीच्या दांड्यासारखं गच्च धरलं. थेंब उलटा फिरून गालावरून कॉलरमध्ये उतरला. डॉक्टरांनी धावत जाऊन त्यांच्या गळ्याभोवती टॉवेल खोचला.

"एक थेंब नाही! जिंकलो!" ते ओरडले, आणि आनंदाच्या भरात ट्रेमधली पट्टी उचलून तलवारीसारखी हवेत फिरवली.

टप्‌.

पट्टीच्या टोकावरून पडलेला थेंब बायकोच्या पायापुढच्या फरशीवर बरोबर मधोमध बसला. दादांनी तो तिरप्या नजरेनं पाहिला. "आँ! आँऽऽ!" त्यांनी हात वर केला.

"हो हो, झालंच," डॉक्टर सवयीनं म्हणाले, पण त्यांच्याच तोंडाला कोरड पडली होती. गाडी गेली. दुसऱ्या कुणामुळे नाही, आपल्याच हातानं गेली. त्यांना रडू यायचंच बाकी होतं.

बायको उठली. तिनं थेंबाकडे पाहिलं, भावाकडे पाहिलं, हातात पट्टी घेऊन उभ्या असलेल्या नवऱ्याकडे पाहिलं. मग शांतपणे उजवा पाय पुढे टाकला आणि चप्पल थेंबावर ठेवली.

"मला तर फरशी स्वच्छ दिसतेय," ती म्हणाली. "मिटवा त्याचं तोंड."

"मिटा," डॉक्टर म्हणाले.

"अगं, तुझ्या चपलेखाली..."

"दादा, तू आधी वर जाऊन अंघोळ कर. शर्ट भिजत टाक."

दादा पुटपुटत जिना चढून जाईपर्यंत ती जागची हलली नाही. मग हळूच म्हणाली, "अहो."

डॉक्टरांचे डोळे भरून आले.

"उद्या दुकानातून जाड नळी आणा. आणि मी पाय उचलायच्या आत फडकं आणा."