पाय सुटणारे टेबल

मी एक जुने जेवणाचे टेबल आहे. एका सुताराने मला आपल्या लेकीच्या संसारासाठी घडवले. मित्रांनो, माझे चारही पाय त्याने मुद्दाम सुटे बसवले. लेकीने कारण विचारले तेव्हा तो म्हणाला, "अगं, भाड्याच्या घरात चाललीस. जिना अरुंद निघाला तर?"

लेक परिचारिका, जावई बसचालक. पहिले घर दवाखान्याला लागूनच होते. माझ्यावर जेवणे होत, इस्त्री होई, आणि रात्रपाळी संपवून आलेली ती कधी कधी माझ्यावरच डोके टेकून झोपी जाई. पाहुणे थाप मारून म्हणत, "लाकूड काय दणकट आहे!" मी मनातल्या मनात फुगत असे.

मग भाडे वाढले. माझे पाय सुटले, टेम्पो आला, आम्ही लांब गेलो. तिथेही वाढले. प्रत्येक नवे घर आधीच्यापेक्षा लहान, आणि दवाखाना आणखी दूर. एका घरात तर मला आत जागाच नव्हती. गॅलरीत मी उन्हाने तडकले आणि घरातली माणसे पलंगाच्या कडेवर बसून जेवू लागली. ते दिवस मला फार जड गेले.

हे आताचे घर मात्र सगळ्यांना मानवले. त्यांची छोटी मुलगी इथल्या शाळेत रमली, तिला जिवाभावाची मैत्रीण मिळाली. आणि एक दिवस मालक दारात आले. "पुढच्या महिन्यापासून भाडं दीडपट. जमत नसेल तर घर मोकळं करा."

बसचालकाने पाना काढला. परिचारिकेने तो त्याच्या हातातून घेतला. "या वेळी पाय सोडवायचे नाहीत."

तिने इमारतीतल्या सगळ्या भाडेकरूंना बोलावले, मालकांनाही. माझ्याभोवती बसायला जागा पुरेना.

"बाजारात भावच तो आहे," मालक म्हणाले. "मी एकटा काय करू? मलाही घराची डागडुजी करावी लागते."

"भाडं वाढवूच नका, असं कोण म्हणतंय?" परिचारिका म्हणाली. "पण वर्षाला किती वाढणार, याला काही हद्द हवी की नको? पोरीला दरवर्षी नवी शाळा कुठून आणू?"

तळमजल्यावरचे न्हावीदादा म्हणाले, "बाई, मग हे नगरपालिकेतच बोलू. आपल्या एका इमारतीचं दुखणं नाही हे."

सगळे भाडेकरू नगरपालिकेत गेले. एकदा हात हलवत परतले. पुन्हा गेले, तेव्हा आजूबाजूच्या गल्ल्यांतली माणसेही बरोबर होती. बऱ्याच खेपांनंतर नियम झाला: भाडे दरवर्षी ठरलेल्या मर्यादेतच वाढेल, आणि घर नीट ठेवणाऱ्या मालकाला करात सूट मिळेल. मालक कुरकुरले खरे, पण पुढच्याच महिन्यात गळके छत दुरुस्त करून घेतले आणि म्हणाले, "चला, निदान दरवर्षी नवा भाडेकरू शोधायची कटकट गेली!"

आता मी खिडकीशी असते. मुलगी आणि तिची मैत्रीण माझ्यावर चित्रे काढतात, रंग सांडतात, ओरडा खातात. मी सुखात आहे.

मित्रांनो, तुमच्यातले कोणी उद्या भाडेकरू व्हाल, कोणी मालक, कोणी नियम करणारे. माझे पाय पान्याने सुटतात आणि पान्यानेच बसतात. मुलांचे तसे नसते. एवढे ध्यानात ठेवा आणि मग भाडे ठरवा.