मुद्दाम मोडलेला खांब

मित्रांनो, मी काळ्या दगडाचा एक खांब आहे. गंगाखेडजवळ गोदावरीच्या डोहात आडवा पडलो आहे. इथले लोक या नदीला गंगाच म्हणतात. उन्हाळ्यात पाणी उतरलं की माझी एक कड उघडी पडते आणि बायका तिच्यावर धुणं आपटतात. मी जुन्या देवळाचा खांब आहे असं त्यांना वाटतं. पण मी एवढा जुना नाही. मला मल्हारीनं घडवलं.

मल्हारी धनगराचा मुलगा. मेंढरं राखताना तो एका पडक्या देवळाच्या सावलीला बसायचा. तिथले खांब खाली चौकोनी, मध्ये अष्टकोनी आणि वर गोल होते. ते तो बोटांनी चाचपत राहायचा. पुढे तो औरंगाबादेला शिल्पकला शिकला आणि गंगाखेडच्या शाळेत चित्रकला शिकवू लागला. सुट्टीत गावी येऊन त्यानं मला त्याच घडणीत कोरलं.

चौकोन साधला, अष्टकोन साधला, वरची गोलाईही साधली. मग एके दिवशी त्यानं त्या गोलाईचा मोठा तुकडा छिन्नीनं उडवला आणि ती जागा तशीच ओबडधोबड ठेवली. विद्यापीठाच्या नावावरून मराठवाडा पेटला, त्या वर्षी त्याच्या गावातली दलित वस्ती जाळली गेली होती. त्याचा मित्र भुजंग याच्या घराचा एकच खांब सकाळी उभा होता, जळका, वरून तुटलेला. जाळणारे गावातलेच होते, म्हणून गावात त्याबद्दल कुणी बोलत नसे. मल्हारीही बोलला नाही. जे बोलायचं होतं ते त्यानं माझ्यात कोरलं.

सरपंच माणिकरावांनी मला वेशीजवळ उभं करू दिलं. नारळ फुटला, हार पडला. मास्तरांनी दगड फोडला अन् खांब म्हणून उभा केला, अशी थट्टाही झाली. वस्ती जळाल्यापासून परभणीला राहणारा भुजंग त्या दिवशी आला होता. त्यानं माझ्या तुटक्या भागावर तळहात ठेवला. मग हलकेच म्हणाला, “आमचं दार ह्या अंगाला होतं.” मल्हारीनं मान हलवली. माझं जे कौतुक व्हायचं होतं, ते तेवढ्यात झालं.

काही वर्षांनी मल्हारीला खोकला लागला. दगडाची धूळ त्याच्या छातीत बसली होती. त्याच्या आईला, कासाबाईला, मात्र कारण माझ्यात दिसलं. आपल्याकडे खंडित मूर्ती घरात ठेवत नाहीत, मानानं पाण्यात सोडतात. कासाबाईला वाटलं, पोराच्या हातून खांब फुटला आणि लाजेनं तो बोलला नाही. तिनं माणिकरावांचा ट्रॅक्टर मागून घेतला. मला हळदकुंकू लावलं, दहीभात ठेवला आणि स्वतः उपाशीपोटी, अनवाणी ट्रॉलीमागून चालत आली.

दोरांनी मला डोहात सोडायला लागले, तेव्हा कुणीतरी सांगितलं म्हणून मल्हारी शाळेतून धावत आला. माझं डोकं अजून पाण्याबाहेर होतं.

“बाबा, तुझ्या हातून फुटला हा,” कासाबाई म्हणाली. “तू लोकांम्होरं बोलला न्हाईस, पर म्या वळखलं. खंडित दगूड घडवणाऱ्यालाच बाधतो. गंगामाय घेईल पोटात. तू आता भिऊ नकू.”

दोर अजून माणसांच्या हातात होते. फुटला नाही, मी फोडला, एवढं तो म्हणाला असता तर मी वर आलो असतो. पण पाठोपाठ कशासाठी हेही सांगावं लागलं असतं, साऱ्या गावासमोर. मल्हारीनं माणिकरावांकडे पाहिलं. ते पाण्याकडे बघत होते. त्यानं आईच्या पायांकडे पाहिलं. वाटेतल्या खड्यांनी ते सोलले होते. त्याला खोकल्याची उबळ आली. आईनं पदरानं त्याचं तोंड पुसलं.

“बरं केलंस, माय,” तो म्हणाला.

दोर सुटले.

मित्रांनो, दगड पाण्यात कुजत नाही, झिजतो. वाहती वाळू आधी उंचवटे घासते. माझा चौकोन, माझा अष्टकोन अजून हाताला लागतो. पण ती ओबडधोबड जागा आता गुळगुळीत होत चालली आहे. मल्हारीनं सगळ्यात जपून केलेलं काम तेच होतं.

धुणं धुता धुता बायका त्याच्याबद्दल बोलतात. तो आता गावोगावच्या देवळांसाठी मूर्ती करतो म्हणे. परवा एक जण कौतुकानं सांगत होती, “लय साफ हात झालाय त्याचा. आता एक बी मूर्ती फुटत न्हाई.”

तुम्ही पुढे काही घडवाल, तेव्हा ते का घडवलं हे निदान आपल्या आईला तरी सांगा. आणि कुठे काही मोडकं उभं दिसलं, तर पाण्यात सोडण्याची घाई करू नका. ते कुणी मोडलं, एवढं आधी विचारा.