उंबरठ्याचं उखळ

मी एक जुना दगड आहे, मित्रांनो, आणि माझी खरी जागा समुद्रकाठच्या एका कोटाच्या दारात आहे. फिरंग्यांच्या काळी पाथरवटांनी मला घडवलं आणि अंगात वीतभर खळगा पाडला. त्या खळग्यात दाराचा खुंटा फिरायचा. कमानीचा एक पाय माझ्या कडेवर टेकलेला असायचा. फिरंगी गेले, मराठे आले, मग इंग्रज. मी सगळ्यांसाठी दार फिरवलं. दार कुजलं तेव्हा मात्र सगळे मला विसरले.

१९८८च्या दसऱ्याला सुकदेव भरावाचे दगड न्यायला ट्रक घेऊन आला. मूळचा धुळ्याकडचा, सिल्वासात कारखान्यांच्या बांधकामावर होता. माझा खळगा पाहून म्हणाला, "हे तं आयतं उखळ," आणि पहारीनं मला उपटलं.

सिल्वासातल्या टोकरखाडा वस्तीत त्याची बायको केसरबाई माझ्यात मिरच्या कुटू लागली. चाळीतल्या बाया माझ्यापुढे रांग लावायच्या. एवढा थाट कोटातसुद्धा नव्हता. फक्त माझ्या अंगात मुरलेल्या समुद्राच्या मिठानं ठेचा जरा खारट व्हायचा. तिच्या मुलीनं, कावेरीनं, हे वर्गात सांगितलं, तेव्हा इतिहासाच्या कुसुमबाई मला बघायला घरी आल्या. दगड कुठून आणला ते सुकदेवनं सांगितलं.

खळग्यात बोट फिरवून बाई म्हणाल्या, "केसरबाई, हा दाराचा दगड आहे. नाताळात मी तिथे गेले होते. कमान कललीय. हा परत बसवला नाही तर ती पडेल."

"मंग मी मिरच्या कशात कुटू? तुमच्या पुस्तकात?"

बाई हसल्या. "माझा पाटा-वरवंटा देते."

"वीस घरांचा मसाला पाट्यावर? आधी तुम्ही वाटून दाखवा." मग केसरबाई जरा नरमली. "उन्हाळा जाऊ द्या, बाई. मसाल्याचे दिवस आहेत. मंग न्या."

बाईंनी मान डोलावली. खोटं कशाला सांगू, मीही खूश झालो. कौतुक कोणाला नको असतं?

मसाले संपले तोवर पाऊस लागला, रस्त्यांचा चिखल झाला. ट्रक निघाला तो श्रावणात. केसरबाई, कावेरी, बाई, सगळ्या आल्या.

कमान आषाढातच पडली होती.

सुकदेव मला ट्रकमधून उतरवून ढिगाऱ्यापुढे उभा राहिला. केसरबाईनं पदरानं माझा खळगा पुसला. "आता उभे काय ऱ्हायले?" ती म्हणाली. "ठेवा त्याला त्याच्या जागी."

मी आता जागेवर आहे. माझ्यावर काहीच टेकलेलं नाही. मित्रांनो, पडक्या कोटातला दगड हलवू नका. आणि कोणी हलवलाच असेल, तर तो परत न्यायला उन्हाळा संपायची वाट बघू नका.