लंबक

दुकानदाराची पाठ वळली तशी तिने घड्याळाचं काचेचं दार उघडलं. आत हात घालून लंबक जरासा वर उचलला, आकड्यातून सोडवला आणि रुमालात गुंडाळून पर्समध्ये टाकला. टिकटिक थांबली. एवढ्या गच्च भरलेल्या दुकानात ती थांबल्याचं तिच्याशिवाय कुणाला कळलं नाही.

आयुष्यात तिने कधी कुणाची पेन्सिलसुद्धा ढापली नव्हती. ही चोरी आहे असं तिला तेव्हाही वाटलं नाही, कारण लंबक ती परत आणणारच होती. तोवर घड्याळ बंद राहायला हवं होतं, म्हणजे ते दुसऱ्या कुणाच्या डोळ्यांत भरलं नसतं.

सरळ मार्गाने विचारून झालं होतं.

"काका, महिनाभर बाजूला ठेवाल का?"

दुकानदाराने दोरीला बांधलेला चष्मा कपाळावर चढवला. "ताई, बाजूला ठेवायचं मी बंद केलंय. लोक ठेवायला सांगतात आणि परत तोंड दाखवत नाहीत. तो पाळणा बघा. ज्याच्यासाठी ठेवला होता, तो आता शाळेत जात असेल."

"मग काहीतरी कमी करा."

"तीन हजार. वाजतं घड्याळ आहे. एकदा किल्ली दिली की आठ दिवस बघायला नको."

चूक तिचीच होती. जुन्या सामानाच्या या गल्लीत वर्षभर दर शनिवारी चपला झिजवून ती चांगली तयार झाली होती. कपबशीला टिचकी मारून तडा ओळखायची, पितळ म्हणून खपवलेलं लोखंड लोहचुंबकाने पकडायची. हवी ती वस्तू सोडून शेजारच्या वस्तूचा भाव विचारायचा, हा तर तिचा हातखंडा. पण त्या दिवशी कपाटांच्या मागून चार ठोके आले आणि ती होती तिथेच थांबली. चौथा ठोका विरेपर्यंत हलली नाही. दुकानदार चष्म्यावरून बघत होता. भाव तिथेच हजाराने चढला असणार.

आईची दृष्टी जाऊन तीन वर्षं झाली होती. घरात ठोक्यांचं घड्याळ होतं तोवर तिचं काही अडलं नाही. ठोके मोजून ती गोळी घ्यायची, दूध तापवायची, लेक यायच्या वेळेला दाराची कडी काढून ठेवायची. मागल्या वर्षी ते घड्याळ भिंतीवरून पडलं आणि दुरुस्तीच्या पलीकडे गेलं. मग बोलणारं घड्याळ आणून झालं. बटण दाबलं की आतली बाई वेळ सांगायची. आठवड्याभरात आईने ते लेकीच्या हातात परत दिलं.

"विचारल्यावर सांगणारं नको गं. न विचारता सांगणारं हवं. दिवसभर विचारत बसायचं म्हणजे कुणाच्या तरी दारात उभं राहिल्यासारखं वाटतं."

तरी विचारल्यावाचून तिला इलाज नव्हता. लेक औषधांच्या गोदामात बाटल्यांना लेबलं लावायची. तिथे दिवसातून दहादा फोन यायचा, "किती वाजले?" मुकादम आधी हसला, मग त्याने दोनदा समज दिली. दुसऱ्यांदा समज मिळाली त्या संध्याकाळी ती आईवर खेकसली.

"सारखं काय, किती वाजले, किती वाजले? वाजायचे तेवढे वाजतात."

दुसऱ्या दिवसापासून फोन बंद झाला. घरी यावं तर दुपारची गोळी वाटीत तशीच पडलेली. त्या वाटीकडे लेकीला बघवत नसे. आपण काय बोलून बसलो ते आठवायचं, आणि ते परत गिळता येत नव्हतं.

म्हणून लंबक. तो तिने कपाटात गरम कपड्यांखाली ठेवला आणि शनिवारचा ओव्हरटाइम धरला. तीन शनिवार ती गल्लीकडे फिरकली नाही. एक तर वेळ नव्हता, आणि खरं सांगायचं तर दुकानदाराच्या नजरेला नजर द्यायचा धीरही नव्हता. आईला मात्र ती घड्याळाचं सांगून बसली होती. आईने शेजारच्या सुताराकडून भिंतीत चांगला लांब खिळा मारून घेतला. जाता-येता ती त्याला हात लावून बघायची.

चौथ्या शनिवारी ती अर्ध्या दिवसाची रजा टाकून दुकानात गेली. पैसे पूर्ण होते. दुकानदार ते मोजेल तेवढ्यात लंबक जागच्या जागी अडकवायचा, असं तिने ठरवलं होतं.

कपाटांच्या मागची भिंत धुळीने काळवंडली होती. मधोमध एक उभट पांढरा तुकडा तेवढा स्वच्छ होता.

"काका, इथलं घड्याळ?"

"गेलं की, मागल्या शनिवारी."

"तीन हजारांना?"

"कसले तीन हजार. लंबकच गायब झाला. सगळं दुकान उपसलं, पण मिळाला नाही. लंबकाविना ते घड्याळ म्हणजे नुसता खोका. चारशेला देऊन टाकला. घेणाऱ्याला अत्तराच्या बाटल्या मांडायच्या होत्या, त्याने आतली चक्रं इथेच उपटून टाकली."

"कुठे आहेत ती?"

"भंगारात गेली." चष्मा पुन्हा नाकावर आला. "तुमची आठवण काढली होती हो मी. म्हटलं, त्या ताईंना हौस आहे, त्यांनाच देऊ चारशेला. दोन शनिवार थांबलो. तुम्ही आलाच नाहीत."

तिने पर्स पोटाशी धरली. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटत होती, पण रडूही येत नव्हतं. दुकानदार तिला एक बॅटरीवरचं घड्याळ दाखवू लागला. तिने ते हातात घेतलं, परत ठेवलं आणि ती बाहेर पडली.

घरी आई भिंतीपाशीच उभी होती. हात खिळ्यावर होता.

"आणलंस?"

लेकीने रुमाल सोडला आणि लंबक आईच्या तळहातावर ठेवला. आता सगळं सांगून टाकायचं, एवढंच तिच्या मनात होतं.

आईने बोटांनी लंबकाची गोल तबकडी चाचपली. दांडीवरून बोट फिरवत वरच्या अडकवायच्या टोकापर्यंत नेलं. तिचा चेहरा खुलला.

"शहाणी गं माझी. लंबक आधी काढून आणलास ते बरं केलंस. वाटेत हिंदकळला तर सगळं यंत्र बिघडतं. घर बदलताना तुझे बाबाही आधी हाच काढायचे." तिने तो हातावर तोलून पाहिला. "जड आहे. चांगलं वाजत असणार. बाकीचं कधी येतंय?"

लेकीने रिकाम्या रुमालाची घडी घातली.

"येईल."

"येऊ दे सावकाश. घाई नाही."

आईने चाचपत खिळा गाठला आणि हरवायला नको म्हणून लंबक त्याला अडकवला. तो थोडा वेळ भिंतीवर हलत राहिला, मग थांबला. दुपारची गोळी वाटीत तशीच होती. आई खुर्चीत जाऊन बसली. किती वाजले ते तिने विचारलं नाही.