हिलालला काय कळवायचं

हिलालचं पत्र त्र्याण्णव सालच्या पोळ्यानंतर आलं. दिवाळी उलटून गेली तरी मी त्याला उत्तर दिलं नव्हतं. अक्षर त्याच्या मुलाचं, मजकूर चार ओळींचा. मुंबईच्या डॉक्टरांनी तीन रस्ते सांगितलेत, त्यातला कोणता धरू, ते नाना तुम्ही पुस्तकं वाचून कळवा. पाकिटात अहवालाची झेरॉक्स होती.

अमळनेरच्या ज्या तेल कारखान्यात मी टाइमकीपर होतो आणि कामगारांचं लहानसं वाचनालय सांभाळत होतो, तिथे हिलाल वाफेच्या नळांना अ‍ॅस्बेस्टॉसची दोरी गुंडाळून वरून लेप द्यायचा. पंचवीस वर्षं. दुपारच्या सुट्टीत वर्तमानपत्र वाचायला यायचा तेव्हा भुवयांपर्यंत पांढरा झालेला असायचा. पुस्तकांना धूळ लागू नये म्हणून मी त्याला बाहेर अंग झटकून यायला सांगत असे. ती धूळ माणसालाही लागते हे आमच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हतं. पुढे कारखाना बंद पडला आणि तो धुळ्याला मुलाकडे राहायला गेला.

अहवालात मेसोथेलिओमा लिहिलं होतं, म्हणजे फुफ्फुसाच्या बाहेरच्या आवरणाचा कर्करोग. रस्ते असे: मोठं ऑपरेशन करून आवरणासकट त्या बाजूचं फुफ्फुस काढणं; शिरेतून औषधं देणं; नाहीतर छातीत साठणारं पाणी काढत राहणं आणि दुखणं कमी ठेवणं.

मी आळस केला नाही, एवढं म्हणता येईल. ओळखीच्या डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन धुळ्याच्या मेडिकल कॉलेजच्या ग्रंथालयात दोन दिवस बसलो. वहीची अकरा पानं भरली. हिलालचं घर तिथून रिक्षाने दहा मिनिटांवर होतं, पण गेलो नाही. गेलो असतो तर त्याने विचारलं असतं. मी इंटर नापास माणूस. घरी येऊन मसुदे केले. प्रत्येकात 'माझ्या मते' असं लिहायचो आणि तिथेच थांबायचो. मी चुकीचं सांगितलं आणि तो ऑपरेशनच्या टेबलावरच गेला तर? डॉक्टर आहेत, मुलगा आहे, ते ठरवतील. न लिहून निदान मी काही बिघडवत तरी नाही, असं वाटत होतं.

मग एक दिवस लोटन आला. लोटन आमच्या कारखान्यातला फिटर, तोंडाने तिखट. नातीसाठी स्थळ बघायला धुळ्याला गेला होता. चहा होईपर्यंत त्याने त्या मुलाची चेष्टा केली, नोकरी पक्की आहे पण मान नाही, डोकं थेट खांद्यावर ठेवलंय. मग म्हणाला, येताना हिलालकडे डोकावलो. त्याला आता आडवं होता येत नाही. भिंतीला टेकून बसतो आणि एक वाक्य पुरं करायला दोनदा थांबतो.

पाणी काढून घेत असेल ना, असं मी विचारलं.

"कसानं काढस? त्यानी बंद करी टाकं," लोटन म्हणाला. "तुम्हनं पत्र उनं नही ना, नाना."

माझ्या चेहऱ्याकडे बघून त्याने कप खाली ठेवला आणि समजावून सांगितलं. मुलगी बघून पाहुणे गेले की आपल्याकडे नकार कोणी लिहीत नाही. पसंत असली तर आठवड्यात पत्र येतं, नाही आलं तर मुलीच्या बापाने काय ते समजून घ्यायचं. हिलालने दोन मुलींची लग्नं केली होती, अशी न आलेली पत्रं त्याला नवी नव्हती. माझ्या पत्राची त्याने महिनाभर वाट पाहिली आणि घरात सांगून टाकलं की यात काही राहिलेलं नाही, नानांना तसं लिहिणं जड जातंय. मग दवाखान्यात जाणंच थांबवलं. उगाच मुलाच्या सुट्ट्या कशाला घालवायच्या.

"भागाबाई रडनी," लोटन म्हणाला. भागाबाई म्हणजे हिलालची बायको. "तर हाऊ तिले म्हने, नाना चांगलं वाचीसनच गप बठेल शेतस."

मी उठलो, म्हणालो, उद्याच्या बसने धुळ्याला जातो. लोटनने मान हलवली. म्हणाला, तिथे जाऊन मुके बसाल. त्याने लिहायला सांगितलंय, लिहा.

त्या दुपारी मसुदा केला नाही.

'प्रिय हिलाल, पत्र आलं नाही तो नकार नव्हता. मी घाबरलो होतो. हा आजार पुरता बरा होतो असं मला कुठे वाचायला मिळालं नाही. तुझं वय त्रेसष्ट आणि दम हा असा. अशा माणसाला ते मोठं ऑपरेशन सोसत नाही असं पुस्तकं म्हणतात. औषधांनी थोड्यांचीच गाठ आकसते, त्रास मात्र बहुतेकांना होतो. घ्यायची की नाही, ते डॉक्टरांशी बोलून तू ठरव. पण हे पत्र मिळेल त्याच दिवशी दवाखान्यात जा आणि पाणी काढून घे. तेवढ्याने श्वास मोकळा होईल. डॉक्टरांना हेही विचार: नळी घालून सगळं पाणी काढल्यावर आत शंखजिऱ्याची, म्हणजे टाल्कची, शुद्ध पूड सोडतात, मग आवरणं एकमेकांना चिकटतात आणि पाणी सहसा पुन्हा भरत नाही. तसं तुला चालेल का? दुखण्यावर मॉर्फिनच्या गोळ्या असतात, त्या मागायला लाजू नकोस. मी डॉक्टर नाही. हा कागद त्यांना दाखव, चुकलं असेल ते त्यांनी खोडावं.'

वाचून पाहिलं. 'माझ्या मते' कुठे घालावं याचा विचार करू लागलो आणि पाकीट चिकटवून टाकलं. पोस्टात पोचलो तेव्हा चारच्या टपालाच्या थैलीला लाखेचं सील लागायचं होतं. खिडकीतून पाकीट आत दिलं. कारकुनाने त्यावर शिक्का मारला आणि ते थैलीत टाकलं.