पॅनलचा उजेड

दुपारचं जेवण धड घशाखाली उतरलं नव्हतं तोच ड्रायव्हरकाका पुन्हा गाडीत शिरले. म्हणजे पाय बाहेर, डोकं स्टेअरिंगखाली आणि तोंड चालू. उभा जन्म बस चालवण्यात गेला, त्यामुळे गल्ली त्यांना ह्याच नावानं ओळखते. निवृत्त झाले तरी पायाची भिंगरी काही सुटली नाही. आज तर विचारूच नका. संध्याकाळच्या ट्रेननं लेक येणार होती, किती तरी वर्षांनी, आणि "स्टेशनवर मी स्वतः येतो न्यायला" असं त्यांनी तिला ठणकावून सांगितलं होतं. आणि ही म्हातारी गाडी ऐन वेळी रुसून बसलेली.

दुखणं तसं जुनं होतं. वेग आणि पेट्रोल दाखवणाऱ्या काट्यांमागचे दिवे गेले कित्येक महिने मिणमिणते झाले होते. काकांनी बल्ब बदलले. काच आतून-बाहेरून पुसली. उजेड कमीजास्त करायची चकती फिरवून फिरवून इतकी वर नेली, की ती फक्त हातात यायची बाकी राहिली. तरी मिणमिण ती मिणमिणच. आणि परवापासून तर ठार काळोख. पॅनल बंद, टपाखालचा दिवा बंद, दार उघडलं तरी आत अंधार.

बरं, नुसती गैरसोय असती तर त्यांनी मनावर घेतलं नसतं. पण त्यांचा एक नियम होता, डेपोपासूनचा. पॅनल दिसत नसेल तर अंधार पडल्यावर गाडी हलवायची नाही. ह्या एका नियमावरून त्यांनी नव्या ड्रायव्हरांना इतकं पिडलं होतं, की पोरं त्यांना बघून वाट बदलत. आणि तोच नियम काल त्यांनी स्वतः मोडला. बायकोला दाताच्या डॉक्टरकडे नेलं होतं, तिथंच दिवेलागण झाली. "गाडी राहू द्या इथं, चालत जाऊ," ती म्हणत होती. "रस्ता पाठ आहे मला," म्हणून हे निघाले. वाटेत एक ट्रक मागून असा अंगावर आला, की त्याचे ब्रेक रस्ताभर किंचाळले. घर येईपर्यंत काका त्या ट्रकवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होते. बायको मात्र तोंडात गुळणी धरल्यासारखी गप्प होती.

"जरा टेकता का घटकाभर?" आता ती गॅरेजच्या घराकडल्या दारातून म्हणाली. ती गल्लीतल्या बायकांचे कपडे शिवते. हातात कात्री तशीच होती. "येईल की ती टॅक्सीनं. लहान आहे का आता?"

"टॅक्सीनं यायला मी मेलोय का?"

तेवढ्यात त्यांनी बोलावलेला दोस्त आला. डेपोतला जुना इलेक्ट्रिशियन. खिशाला सदानकदा टेस्टर लावलेला, म्हणून नावच टेस्टर पडलं. लोकांच्या लग्नातही हा टेस्टर लावून जेवायला बसतो.

"दिवसाउजेडी दिवे काय दिसणार, शटर ओढ खाली," तो म्हणाला आणि काकांना बाजूला सारून स्टेअरिंगखाली गेला. बॅटरी ठीक. पुढचे दिवे ठीक. मग त्यानं फ्यूजच्या डब्याचं झाकण काढलं.

"तिथं मी बघितलंय," काका म्हणाले. "फ्यूज उडालेला नाही."

"उडाला असता तर बरं होतं, लेका. फ्यूज जळतो, पण जागेवर बसून राहतो. इथं दोन घरं चक्क रिकामी आहेत. फ्यूज काय पाय फुटून फिरायला गेले?"

काका वाकले. रिकामं कुठलं, भरलेलं कुठलं, त्यांना काही उमगेना. त्यांनी बोट फिरवून चाचपलं तेव्हा कुठं दोन खाचा लागल्या. "हो की," ते म्हणाले आणि घाईघाईनं सरळ झाले.

टेस्टर गाडीला वळसा घालून मागं गेला. "आणि मागचे लाल दिवेही बंद आहेत, ते माहितीय ना? ह्या गाडीत पॅनलचा आणि त्यांचा फ्यूज एकच. काल अंधारात अशीच आणलीस? मागच्याला तू दिसणार कसा?"

काकांना ट्रक आठवला. त्याला दिलेल्या शिव्याही आठवल्या.

दारात कात्री खाली पडली. बायको आत गेली आणि बटणांचा डबा घेऊन आली. तिनं तो बॉनेटवर पालथा केला. शर्टांच्या पांढऱ्या बटणांत एक लाल आणि एक निळा फ्यूज होता.

"झाकणावर जिथं जिथं आतल्या दिव्याचं चित्र वाटलं, ते काढले," ती म्हणाली. "चिमट्यानं. मागचे दिवे जातील हे मला काय ठाऊक. अहो, काल मीच आपल्या दोघांना मारलं असतं."

"अगं पण का?" काकांच्या अंगाचा तिळपापड झाला. "माझ्या गाडीला माझ्याच घरात चोर?"

"तुमच्या नियमापायी. पॅनल नसलं की तुम्ही अंधारात निघत नाही. वाटलं, भांडण न होता भागेल."

"भागायला झालंय काय?"

"मागच्या महिन्यात अंधारात वळणावर ती सायकलवाली बाई आडवी आली. मी ओरडले म्हणून तुम्ही ब्रेक दाबला. नंतर म्हणालात, दिसली होती मला." तिनं त्यांच्याकडे सरळ पाहिलं. "दिसली होती?"

टेस्टरला अचानक फ्यूज बसवण्याचं फार महत्त्वाचं काम आठवलं. त्यानं दोन्ही जागच्या जागी दाबले, दिव्यांचा खटका ओढला आणि म्हणाला, "घे. लख्ख. ह्या उजेडात वहिनी सुई ओवतील."

बायकोनं आत डोकावून पाहिलं. "हो. लख्ख आहे."

काकांनी सीटवर बसून पाहिलं. मिणमिण. तीच, महिनोन्‌महिन्यांची. त्यांनी डोळे चोळले, पुन्हा पाहिलं. नवे बल्ब, पुसलेली काच, टोकाला नेलेली चकती, सगळं आपापलं काम चोख करत होतं. सकाळपासून वळवळणारे त्यांचे हात मांडीवर पडून राहिले. त्यांना भीती वाटली, लहान मुलाला वाटते तशी.

फोन वाजला. लेकच होती. "बाबा, ट्रेन वेळेवर आहे. येताय ना?"

सोपं होतं. गाडीचे दिवे गेलेत म्हटलं की सुटले. बायको बोलली नसती, टेस्टर तर भिंतीवरचं कॅलेंडर वाचत उभा होता.

"अगं, गाडीचे दिवे…" काकांनी सुरुवात केली आणि ते थांबले. ह्या बिचाऱ्या गाडीला किती महिने बोल लावला होता. "गाडीला काही झालेलं नाही," ते म्हणाले. "मलाच दिसत नाही, बाळा. अंधार पडला की मला दिसत नाही."

पलीकडे ट्रेनचा खडखडाट वाढला. त्यावर आवाज चढवून ती म्हणाली, "मग आईला घेऊन टॅक्सीनं या. पण या. तुम्ही आल्याशिवाय मी स्टेशनवरून हलायची नाही."

टॅक्सी आली तेव्हा ऊन उतरलं होतं. काका सवयीनं स्टेअरिंगच्या बाजूला गेले, तर तिथं टॅक्सीवाला बसलेला. बायकोनं मागचं दार उघडून धरलं. ते अवघडून आत बसले, पाहुण्यांच्या घरी बसावं तसे.

"मागचे दिवे लागतात ना रे तुझे?" त्यांनी टॅक्सीवाल्याला दरडावून विचारलं.

"लागतात, काका."

"बघून घे एकदा."

तो बिचारा उतरून बघून आला. गाडी निघाली. पुढच्या चौकापर्यंत काकांचा उजवा पाय नसलेला ब्रेक दाबत होता. मग रस्त्यावरचे दिवे लागले, आणि माणसं, वाहनं, दुकानं एकमेकांत मिसळू लागली. काकांनी बायकोचा हात शोधला.

"समोर काय आहे?" त्यांनी हळू विचारलं. इतक्या महिन्यांत हे त्यांनी पहिल्यांदाच विचारलं होतं.

ती पुढं वाकली आणि सांगू लागली.