बत्तीस फोटो

चष्म्याच्या दुकानामागच्या खोलीत एकतीस वर्षं काचा घासलेल्या माणसाने साठीला टेकल्यावर फोटोग्राफीचा वर्ग शोधत हिंडावं, याची दुकानात चांगलीच थट्टा झाली. "भिंगवाले, तुम्हीच वर्ग काढा की," मालक म्हणाले. भिंगवाले नुसते हसले. हसून वेळ मारून न्यायची त्यांना जुनी सवय होती. वर्ग कशासाठी हवा ते कुणाला सांगायचं नव्हतं, आणि कॅमेरा तर घरी कपाटात, काचा पुसायच्या मऊ फडक्यात गुंडाळून ठेवलेला होता.

कॅमेरा धाकट्या भावाने पाठवलेला. धाकटा परदेशात, अकरा वर्षं कागदपत्रांच्या घोळात अडकलेला. एकदा बाहेर पडला तर परत आत घेतील याची खात्री नाही, आणि बायको-मुलं तिथे. अकरा वर्षांत त्याने आईला पाहिलं नव्हतं. भिंगवाल्यांचा फोन बटणांचा, त्यावर बोलणं तेवढं व्हायचं. आईला तर फोटोचं नाव काढलेलं खपायचं नाही. "आवाज येतो ना माझा? मग थोबाड कशाला बघायचंय?" असं म्हणून ती विषय संपवायची. शेवटी धाकट्याने एका ओळखीच्या माणसाबरोबर कॅमेरा पाठवून दिला आणि फोनवर तिला म्हणाला, "आई, तुझा चेहरा आठवेनासा झालाय गं मला."

त्यावर आईने फोन भिंगवाल्यांच्या हातात दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र केस विंचरून, ठेवणीतली शाल अंगावर घेऊन ती खिडकीपाशी खुर्चीत जाऊन बसली. "काढ लवकर," म्हणाली, "माझा विचार बदलायच्या आत."

भिंगवाल्यांनी बत्तीस फोटो काढले. भिंग म्हणजे भिंग, त्यात त्यांना कोण शिकवणार? बटण दाबलं की आई क्षणभर मागच्या पडद्यावर यायची आणि जायची. कोपऱ्यात लाल अक्षरांत काहीतरी लुकलुकत होतं, ते त्यांना बॅटरीचं वाटलं. नवव्या दिवशी दुपारी आई जेवून आडवी झाली ती उठलीच नाही.

महिनाभराने त्यांनी कॅमेरा सुरू केला, तर पडद्यावर एकच ओळ: फोटो नाहीत. त्यांनी तो बंद करून पुन्हा सुरू केला, तरी तेच. मग त्यांनी स्वतःची समजूत घातली की फोटो आतच असणार, आपल्याला काढता येत नाहीत इतकंच. कॅमेऱ्याच्या दुकानात दाखवावं तर तिथला पोरगेला विक्रेता दहा बटणं दाबणार आणि सगळं पुसून टाकणार. एकतीस वर्षांत त्यांनी गिऱ्हाइकाच्या चष्म्याला दुसऱ्याचा हात लागू दिला नव्हता, इथे तर आई होती. त्यांनी ठरवलं, आधी शिकायचं आणि मगच कॅमेऱ्याला हात लावायचा.

पहिल्या वर्गात त्यांची फारच अडचण झाली. चौकशीच्या टेबलावरच्या तरुणाने लेन्सबद्दल काही विचारलं आणि भिंगवाले सुरू झाले, काच कशी वाकते, उजेड कसा तुटतो, कडेला रंग का फुटतात. तरुण आ वासून ऐकत राहिला आणि त्याने त्यांना थेट वरच्या वर्गात बसवलं. तिथे दोन तास संगणकावर ढग कसे बदलायचे ते चाललं होतं. भिंगवाल्यांच्या डोक्यावरून सगळं गेलं आणि ते चहाच्या सुट्टीत गुपचूप सटकले. दुसऱ्या वर्गाला घरी संगणक हवा होता. तिसरा वर्ग वाचनालयाच्या माडीवर, वर्तमानपत्रासाठी फोटो काढून निवृत्त झालेल्या एका बाई घ्यायच्या. सगळे त्यांना मॅडम म्हणत.

"तुम्हाला कशाचे फोटो काढायचेत, काका?" मॅडमनी विचारलं.

"काढायचे नाहीत. काढलेले बाहेर काढायचेत."

मॅडमना तो विनोद वाटला. "ते चौथ्या तासाला," त्या म्हणाल्या. "बसा."

तीन आठवडे भिंगवाले पहिल्या बाकावर बसले. मॅडमनी घरून खिडकीचा फोटो काढून आणायला सांगितलं, सगळ्यांनी आणला, यांनी नाही. वर्गात बाकावरच्या शेजारणीचा फोटो काढायला सांगितलं, तरी यांनी कॅमेरा मांडीवरून हलवला नाही. पाटीवर नवं लिहायचं तर जुनं पुसावं लागतं, एवढं त्यांना कळत होतं, आणि आईवर ते शेजारीण काढणार नव्हते. शेजारीण, एक निवृत्त परिचारिका, गमतीने म्हणाली, "काकांचा कॅमेरा उपासाला बसलाय." भिंगवाले तेव्हाही हसले. दर रविवारी सकाळी धाकट्याचा फोन यायचा. "शिकलास का रे दादा?" आणि ते म्हणायचे, "होतंय. चौथ्या तासाला आहे ते."

चौथ्या तासाला मॅडमनी सगळ्यांना कॅमेरे उलटे धरायला लावले. "खाली एक छोटं दार आहे, ते उघडा. आत नखाएवढं कार्ड असेल. फोटो राहतात ते त्याच्यात, कॅमेऱ्यात नाही." भिंगवाल्यांनी दार उघडलं. आत एक बारीक चीर होती आणि ती रिकामी होती.

"तुमचं कार्ड घरी राहिलं वाटतं," शेजारीण म्हणाली.

मॅडमनी वाकून पाहिलं आणि त्यांना हसू फुटलं. "प्रत्येक तुकडीत एक तरी निघतोच. अहो, मीसुद्धा रोल जाऊन कार्ड आलं त्या वर्षी पूर्ण क्रीडास्पर्धा कार्डाशिवाय काढून आले होते. संपादकांनी मला खिडकीतून फेकायचंच बाकी ठेवलं." वर्ग खो खो हसला. भिंगवालेही हसले. हसता हसताच त्यांना कॅमेऱ्याच्या खोक्यात आलेली एक छोटी पुडी आठवली, जी त्यांनी सुटा भाग समजून फोडलीच नव्हती.

"पण मॅडम, फोटो दिसले होते. एकूण एक दिसला होता."

"दोन सेकंद दाखवतो तो. ठेवायला जागा नसली की सोडून देतो."

"सगळे?"

"सगळे," मॅडम म्हणाल्या, आणि भिंगवाल्यांच्या तोंडाकडे पाहून त्यांचं हसू ओसरलं. "कशाचे होते, काका?"

"घरचेच," भिंगवाले म्हणाले आणि त्यांनी ते दार नीट लावून घेतलं.

रविवारपर्यंत त्यांनी चार खोट्या गोष्टी जुळवल्या. कॅमेरा चोरीला गेला. पाण्यात पडला. पण फोन वाजला, धाकट्याने "झाला का चौथा तास?" विचारलं, आणि जिभेवर खरंच आलं. त्यांनी सगळं सांगितलं, न फोडलेल्या पुडीसकट.

धाकटा ओरडला असता तर बरं झालं असतं. तो एवढंच म्हणाला, "तू तर पाहिलेस ना? मग मला सांग. कशी दिसत होती?"

भिंगवाले सावरून बसले. हे तरी देता येण्यासारखं होतं. त्यांनी एकेक फोटो सांगायला घेतला. उजेड डावीकडून होता. शालीचा काठ खांद्यावर आला होता. सातव्याच्या वेळी एक बट कपाळावर सुटली. बाराव्यात चष्म्यावर खिडकी चमकली, म्हणून खुर्ची चार बोटं सरकवली. हात गुडघ्यावर, बोटं एकात एक.

"आणि चेहरा? हसत होती का?"

भिंगवाल्यांनी बत्तीसच्या बत्तीस फोटो आठवून पाहिले. प्रत्येक फोटोत त्यांची नजर चष्म्याच्या कडेवर होती. कड धारदार आली की फोटो चांगला, नाहीतर पुन्हा. माणूस सोडून काच बघायची, हेच ते जन्मभर करत आले होते. बत्तीस वेळा आई त्या भिंगातून धाकट्याकडे बघत होती, आणि कशी बघत होती ते बघायला खोलीत ते एकटेच होते. हो म्हणायला काहीच लागत नव्हतं, पण ते त्यांच्याच्याने होईना.

"दादा?"

"ते नाही रे बघितलं मी. साफ येतेय का, तेवढंच बघत होतो."

"आली होती?"

"हो," भिंगवाले म्हणाले. "अगदी साफ."